काय दिवे लावलेत?

मराठी घरात परीक्षेचा निकाल लागला की गुणपत्रिका मागण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारायची पद्धत आहे : "मग, काय दिवे लावलेत?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, आणि ज्याला विचारले त्याला पायाच्या अंगठ्याने फरशी उकरण्यापलीकडे काही करता येत नाही. पुढे नोकरी लागली की हाच प्रश्न ऑडिटर विचारतो. लग्न झाले की सासरे विचारतात. तोंडाने नव्हे, चष्म्यावरून. आणि पंचेचाळिशी उलटली की माणूस रात्री फिरत्या पंख्याकडे बघत स्वतःच स्वतःला विचारू लागतो.

मी कॉमर्सचा माणूस. आमच्या शास्त्रात भांडवलाचे खाते असते, घसाऱ्याचे असते, अगदी बुडीत कर्जाचेही असते. पण आत्म्याचे खाते उघडायची सोय नाही. त्यामुळे या प्रश्नाच्या वाटेला मी सहसा जात नसे. परंतु 'काय दिवे लावलेत?' याचे तिथल्या तिथे, रोखीत उत्तर देणारे एक यंत्र जगात खरोखर तयार झाले होते, आणि ते कुणा ऋषीने नव्हे तर अमेरिकेतल्या मोटारवाल्यांनी केले होते, हे समजल्यापासून माझी झोप थोडी कमी झाली आहे.

हे ज्ञान मला शहागंजातल्या एका गॅरेजात मिळाले. स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब गेला म्हणून मी तिथे गेलो होतो. गॅरेजचे मालक चाचा आता सत्तरी ओलांडलेले आहेत. तरुणपणी मुंबईत मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांवर त्यांनी हात काळे केले, आणि त्या गाड्यांच्या आठवणी सांगताना हातातला पाना आपोआप बाजूला ठेवला जातो. बल्ब फिरवता फिरवता ते म्हणाले, "साब, वो बड़ी गाड़ी में सामने के मडगार्ड पे एक छोटी बत्ती रहती थी. उसका मूँ रास्ते कू नै, डायवर कू."

"डायवर कू कायको?" मी आमच्या शहराच्या राजभाषेत विचारले.

"उसकू मालूम होना ना, उसने क्या लगाया!"

काय दिवे लावलेत ते लावणाऱ्यालाच दिसायला हवे! मी बल्बचे पैसे दिले आणि पाच मिनिटे तसाच उभा राहिलो. चाचांना वाटले, सुट्ट्यासाठी थांबलोय.

आता समजा, तुम्ही एक लांबलचक कॅडिलॅक चालवत आहात. (समजायला पैसे पडत नाहीत. प्रत्यक्षात बँकेतल्या कारकुनाच्या दारात कॅडिलॅक दिसली तर आधी व्हिजिलन्सवाले येतील.) काचेपलीकडे डबल बेडएवढे बॉनेट पसरले आहे. त्याच्या दोन्ही अंगांना, मडगार्डच्या माथ्यावर, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी अशी एकेक चकचकीत डबी बसवलेली आहे. तुम्ही उजवीकडे वळायची दांडी ओढली की उजव्या डबीत एक बारीक दिवा लुकलुकू लागतो. समोरच्याला तो दिसत नाही, मागच्याला दिसत नाही, फक्त तुम्हाला दिसतो. क्रायस्लरच्या इंपीरियलसारख्या श्रीमंती गाड्यांवर १९६०च्या दशकात असे दिवे आले. १९७०च्या दशकातल्या कॅडिलॅकमध्ये तर मागच्या दिव्यांचीही खबर देणारी सोय मागच्या काचेच्या वर केलेली असे, ती आरशातून दिसे. म्हणजे पुढे काय दिवे लावले आणि मागे काय दिवे लावले, दोन्हींचा हिशेब मालकाच्या डोळ्यांसमोर!

ज्या शहरात मी राहतो तिथे ही कल्पना चैनीची वाटेल. आमचे शहर बावन्न दरवाजांचे म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांतले काही पडले, काही उरले. पण कुठल्याही क्षणी कुठल्याही दरवाजाने आत घुसायचा हक्क नागरिकांनी राखून ठेवला आहे. २०२३ साली शहराचे नाव सरकारी कागदोपत्री बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, त्यासाठी राजपत्रात रीतसर सूचना निघाली. जालना रोडवर वळताना मात्र सूचना देण्याची प्रथा अजून रुळलेली नाही. क्रांती चौकात रिक्षावाला डावा पाय बाहेर काढतो तेव्हा तो डावीकडे वळणार असतो, किंवा त्याच्या पायाला मुंग्या आलेल्या असतात. गुलमंडीत स्कूटरवर मागे बसलेल्या वहिनी हात आडवा करतात तेव्हा स्कूटर वळणार असते, किंवा त्यांना साडीचे दुकान दिसलेले असते, पुष्कळदा दोन्ही. आणि आपण ब्रेक दाबून, काळजावर हात ठेवून "अहो, साईड तरी द्यायची!" म्हणालो, तर ठरलेले उत्तर येते : "दिली की!"

या 'दिली की'ची नोंद घेऊन ठेवा. माझा सगळा विषय त्या दोन शब्दांत आहे.

साईड देण्याचे शास्त्र तसे जुने आहे. हाताने खूण करायचे नियम ज्यांनी लायसन्ससाठी पाठ केले त्यांना आठवत असतील. उजवा हात बाहेर आडवा, तळहात समोर : उजवीकडे. तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल गोल : डावीकडे. तळहात जमिनीकडे करून हात खाली-वर : हळू होतोय. प्रत्यक्षात बाहेर निघालेला हात पानाची पिंक टाकण्यासाठीही असतो आणि कोथिंबीर काय भाव ते विचारण्यासाठीही. 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण वाहतूक शाखेतल्याच कुणी रचली असावी असा माझा कयास आहे.

हाताच्या जागी यंत्र आणायची खटपट मोटारीइतकीच जुनी. मूकपटांच्या काळातली फ्लॉरेन्स लॉरेन्स नावाची अमेरिकन नटी, हिने १९१४च्या सुमारास आपल्या गाडीला बटण दाबले की उभा राहणारा एक हात बसवला होता, असे सांगतात. पुढे मॉरिस मायनरसारख्या इंग्रजी गाड्यांना दाराशेजारच्या खाचेतून बाहेर येणारे, रेल्वेच्या सिग्नलसारखे केशरी हात आले. आणि १९३९ साली ब्यूइक कंपनीने कारखान्यातूनच लुकलुकणारे दिवे बसवून गाड्या विकायला सुरुवात केली. त्या वेळी आमचे शहर निजामाच्या राज्यात होते. १९४८पर्यंत ते तसेच होते.

आपल्याकडेही अमेरिकन गाड्या काही अगदीच परग्रहावरच्या नव्हत्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला, आणि मग कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. पुढे तिथेच फिएट आली, तिची पद्मिनी झाली, पद्मिनीची टॅक्सी झाली, आणि २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. पण ज्या अमेरिकन गाड्या थेट तिकडून, स्टिअरिंग डावीकडे घेऊन आल्या, त्यांनी आपल्या कायद्यापुढे एक पेच टाकला. डावीकडे बसलेल्या माणसाने उजवा हात बाहेर काढायचा कसा? शेजारच्या बाईच्या नाकासमोरून? म्हणून १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १२०वे कलम सांगते की, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तिला यांत्रिक किंवा विजेची इशारा-सोय हवी, आणि ती चालू स्थितीत हवी.

'चालू स्थितीत' हे शब्द ज्याने लिहिले तो कारकून असला पाहिजे, आणि अनुभवी असला पाहिजे. इशाऱ्याची सोय असणे ही एक गोष्ट आणि ती चालू असणे ही दुसरी, हे कारकुनाशिवाय कोणाला कळणार? त्याच्यापुढचे १२१वे कलम वळण्याचा 'इरादा' दाखवण्याबद्दल बोलते. इरादा! हा शब्द एरवी फौजदारी कोर्टात नाही तर हिंदी सिनेमात. मला त्यात जरा गंमत वाटते. सरकारला आपल्या मनात काय आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. पण सिडको चौकापासून पन्नास पावलांवर आपले मन काय म्हणते ते त्याला कळलेच पाहिजे. माणसाने आपला इरादा दुसऱ्याला आधी कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे आपल्या देशात कायद्याने लिहून ठेवलेले आहे. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत हे कलम लागू असते तर किती बरे झाले असते!

इथपर्यंत सगळे सोपे आहे. इरादा मनात आला, दांडी ओढली, कर्तव्य संपले. पण खरोखर संपले का?

दांडी ओढल्यावर गाडीत एक हिरवा बाण टिक-टिक करू लागतो. तो आपल्यासमोरच्या पट्ट्यावर, म्हणजे डॅशबोर्डवर असतो. तो काय सांगतो? तो सांगतो की तुम्ही दांडी ओढलीत. अहो, ते तर मला ठाऊकच आहे, मीच ओढली! बाहेर दिवा लागला की नाही, हे त्याला धड ठाऊक नसते. जुन्या गाड्यांत तो अंदाजाने थोडे सांगायचा. त्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज गेली की ती तापते, वाकते, जोड तुटतो. थंड झाली की पुन्हा चिकटते. टिक आणि टिक. बाहेरचा एक बल्ब उडाला की प्रवाह कमी पडतो, पट्टी पुरेशी तापत नाही, टिकटिक मंदावते किंवा थांबते. नवीन इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट दुप्पट वेगाने धडधडतो. म्हणजे घरातला एक माणूस गेला की जुनी गाडी गप्प होत असे आणि नवी आरडाओरडा करते. हा पिढीचा फरक म्हणायचा.

मडगार्डवरचा दिवा याच्या पुढची पायरी आहे. त्यातही दोन जाती. क्रायस्लरच्या गाड्यांत त्या डबीत स्वतंत्र छोटा बल्ब असे. त्याला वीज पोचली एवढे तो सांगणार. मोठ्या दिव्याचे काय झाले याची हमी त्याच्याकडे नाही. नातेवाइकासारखा. 'मला निरोप मिळाला, त्यांचं मला माहीत नाही.' कॅडिलॅकने मात्र युक्ती केली. तिच्या डबीत बल्बच नसे. बाहेरच्या खऱ्या दिव्याचा थोडासा उजेड बारीक तंतूंच्या जुडीतून वाकवून, वळवून थेट मडगार्डच्या माथ्यावर आणलेला असे. बाहेर दिवा लागला तर इथे उजेड. बाहेर अंधार तर इथेही अंधार. खोटे बोलायला तिच्याकडे स्वतःचे काही नव्हतेच! उजेडाला असा कान धरून वळवण्याच्या शास्त्रात आपल्या पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींचा मोठा वाटा आहे. १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी यावरचा महत्त्वाचा निबंध छापला. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण २०२१ साली, म्हणजे ते गेल्यावर, दिले. सरकारच्या मनात ते आधीपासून असणार. डॅशबोर्डवरचा बाण टिकटिक करतच असेल. पोचायला जरा उशीर झाला.

कॉमर्सच्या भाषेत सांगतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट नावाचे एक प्रकरण होते. व्यापारी आपल्या कॅशबुकात लिहितो : अमक्याला चेक दिला, पाच हजार वजा. बँकेच्या पासबुकात ते पाच हजार तसेच. व्यापारी खोटे बोलत नाही, बँकही खोटे बोलत नाही. चेक अजून त्या अमक्याच्या उशीखाली आहे, किंवा व्यापाऱ्याच्याच खिशात. मग दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून, कुठे काय अडकले ते शोधायचे. परीक्षेत दहा मार्कांना असायचे आणि माझे शेवटी हमखास सत्तर रुपये जुळत नसत. तेव्हा वाटे, काय हा छळ! आता कळते, जगातली निम्मी भांडणे त्या सत्तर रुपयांची आहेत. आपल्या कॅशबुकात आपण प्रेम दिलेले असते, मान दिलेला असतो, माफीसुद्धा दिलेली असते. समोरच्याच्या पासबुकात त्यातले काहीच जमा नसते. आणि दोघेही आपापली वही छातीशी धरून शपथेवर सांगत असतात.

आमच्या वडिलांची पिढीच घ्या. मुलगा शिकायला पुण्याला निघाला की हे बाप स्टँडवर येत, आणि गाडी सुटताना म्हणत काय, तर "सुटे पैसे आहेत ना?" संपले. त्यांच्या डॅशबोर्डवर हिरवा बाण जन्मभर लुकलुकत होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मुलाच्या फीसाठी पतपेढीतून कर्ज काढले, स्वतःचा चष्मा दोन वर्षे लांबवला. पण मागच्या दिव्याचा बल्ब गेलेला. मागून येणाऱ्याने अंदाजाने चालवायचे! कित्येक मुलांना बाप कुठे वळत होता ते बाप गेल्यावर, पासबुके चाळताना कळले. यात दोष कुणाचा? बापाचा इरादा शुद्ध होता हे मान्य. पण शुद्ध इराद्याचा समोरच्याला उपयोग काय, तो पोचलाच नाही तर? आमच्या सौ.चे यावर स्पष्ट मत आहे : "मनातलं मनातच ठेवून काय लोणचं घालायचंय?"

विरुद्ध बाजूही बलवान आहे. मोठमोठ्या विचारवंतांनी सांगून ठेवले आहे की कर्माचे मोल हेतूवर ठरते, फळावर नाही. तसे नसते तर माणसाने काही करायलाच नको. बल्ब उडाला तर तो माणसाचा गुन्हा नव्हे. मलाही हे पटते. पण एका गोष्टीने मी जरा सावध झालो, ती सांगतो.

एका शाखेत माझे एक सहकारी होते. त्यांना सगळे 'भाऊ' म्हणत. अतिशय सज्जन माणूस, पेन्शनच्या खिडकीवर बसायचे. त्या खिडकीवर एक दुतोंडी पाटी होती. एका अंगाला 'काउंटर चालू', दुसऱ्या अंगाला 'काउंटर बंद, शेजारी चौकशी करावी'. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर भाऊ जागेवर आले, पाटी फिरवली, 'चालू' हा शब्द नीट वाचून घेतला आणि बसले. नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्याचे दिवस, आणि खिडकीवर चिटपाखरू नाही. भाऊ म्हणाले, "आज गर्दी कशी नाही!" वर्तमानपत्र काढले. शब्दकोडे सोडवले.

समोरच्या बाकावर करमाडहून आलेल्या एक आजी बसल्या होत्या. दीड तास. हातात पासबुक, पदराच्या गाठीत एसटीचे पैसे. शेजारच्या खिडकीचा माणूस रजेवर, त्यामुळे चौकशी करायची ती खांबाजवळ. चार वाजत आले तेव्हा भाऊंचेच लक्ष गेले. "आजी, तुमचं काय काम होतं? येत का नाही मग?"

"तुमीच पाटी लावली ना बाबा, खिडकी बंद हाय. म्हनलं, उघडंल कवा तरी."

भाऊ आधी चिडले. "अहो, मी समोर बसलोय ना! दिसत नाही का?" मग उठून बाहेर आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपली पाटी आजींच्या बाजूने वाचली. जो शब्द इतका वेळ त्यांना दिसत होता, त्याच्या पाठीवर काय लिहिले होते ते पाहिले. भाऊ काही बोलले नाहीत. आजींचे काम दहा मिनिटांत केले. पण चारची गाडी गेली होती, पुढची सहाला. थंडीचे दिवस, अंधारात उतरून फाट्यापासून घरापर्यंत चालायचे.

आता सांगा, भाऊंचा हेतू कुठे कमी होता? दीड तास ते सेवेला हजर होते. कॅशबुक एकदम चोख! आजींच्या पासबुकात मात्र दीड तासाचा बाक, एक चुकलेली गाडी आणि अंधार. हेतूचे मोल देवाच्या दरबारात काय व्हायचे ते होवो. करमाडच्या फाट्यावर त्याचा उजेड पडत नाही, एवढे खरे. मला वाटते, 'दिली की' म्हणणारा माणूस खोटारडा नसतोच. तो फक्त आपल्या बाजूची पाटी वाचत असतो. चांगुलपणात बाहेर येऊन पाटी वाचण्याचाही समावेश आहे, की तो निराळा विषय आहे? माझे उत्तर असे की तो निराळा विषय नाही. पोचवणे हा चांगुलपणाचाच अर्धा भाग आहे, आणि तो अर्धा भाग कष्टाचा असल्यामुळे आपण तो पोस्टावर सोपवतो.

व्यक्तीचे जाऊ द्या, गावाचेही तेच. २०१० सालच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या तोंडावर, आमच्या शहरातल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीझ गाड्या घेतल्या. एकूण रक्कम ६५ कोटी. देशभर बातम्या झाल्या. दीडशे गाड्या म्हणजे दीडशेच दिवे नव्हेत. उजवे, डावे, पुढचे, मागचे धरा. मुंबई-पुण्याला, दिल्लीला, झालेच तर जर्मनीला साईड दिली गेली : आम्ही पण आहोत, आम्ही वळतोय, जरा जागा द्या! मला यात अभिमान वाटला हे कबूल केले पाहिजे. आमच्या बँकेच्या धंद्यात तर अशा बातमीने चहाला वेलदोडा पडतो. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ला आला, शेंद्र्याला स्कोडा २००१ला. गाड्या बनवणाऱ्या गावाने गाड्या मिरवल्या तर काय बिघडले? पण त्या दिवसांत याच गावात नळाला रोज पाणी येत नव्हते, पन्नासेक किलोमीटरवर पैठणला जायकवाडीचा नाथसागर असूनही. गावाने बाहेरच्या जगाला दिवे दाखवले, ते झकास दिसले. गावाच्या मडगार्डवर गावाकडे तोंड केलेली एखादी बारीक डबी असती, तर तीत काय लुकलुकले असते, एवढेच माझे कुतूहल.

यावर एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. सारखे स्वतःचेच दिवे बघत बसलेला माणूस समोरच्या म्हशीवर जाऊन आदळणार नाही का? आत्मपरीक्षणाने वाया गेलेली माणसे मी पाहिली आहेत. तुम्ही त्यांना 'कसे आहात' विचारले तरी ते खरोखर विचार करू लागतात. पण त्या अमेरिकन कारागिराची खुबी इथेच आहे. त्याने तो दिवा गुडघ्यापाशी नाही बसवला, की बघण्यासाठी मान खाली घालावी. मडगार्डच्या माथ्यावर बसवला, जिथून रस्ता दिसतो तिथेच, नजरेच्या कडेला. रस्त्याकडे बघतानाच तो दिसतो, आणि नुसता दिवा बघायला गेलात तरी रस्ता दिसल्याशिवाय राहत नाही. आपण बाहेर काय दाखवतोय ते बघण्यासाठी जगाकडे पाठ फिरवायची गरज नाही. उलट जगाकडेच बघायचे, जरा नीट.

हल्ली फोनवर निळ्या खुणा येतात. निरोप पोचला, वाचला. ती क्रायस्लरची जात : फोनला पोचला एवढीच हमी. वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा उजेड आपल्यापर्यंत वळवून आणणारा तंतू अजून निघालेला नाही. तोपर्यंत विचारणे हाच उपाय. 'अहो, मी दिलेली साईड दिसली का?' विचारायला कमीपणा वाटतो, पण दवाखान्यापेक्षा स्वस्त पडते.

भाऊंनी मात्र आपल्यापुरता तंतू शोधून काढला. त्या आठवड्यातच पैठण गेटवरून त्यांनी दाढीचा एक गोल आरसा आणला आणि खिडकीसमोरच्या खांबाला खिळ्यावर टांगला, असा तिरका, की बसल्या जागेवरून पाटीचे गिऱ्हाइकाकडचे तोंड दिसावे. अक्षरे उलटी दिसत, पण 'चालू' आणि 'बंद' यांतला फरक कळायला तेवढे पुरे. शाखेत थट्टा झाली. भाऊंना या वयात भांग नीट करायची हौस आली, असे बायकांच्या काउंटरवरून ऐकू आले. भाऊंनी आरसा काढला नाही.

महिनाभराने मी विचारले, "काय भाऊ, आरशाचा उपयोग होतो का?"

"होतो," भाऊ म्हणाले. "पण एक लचांड झालंय. त्यात पाटीच्या मागं मी पण दिसतो. काल बघितलं तर पाटी चालू आणि चेहरा बंद."

"मग?"

"मग काय. आधी चेहरा उघडला, मग रांगेतल्या म्हाताऱ्याला हाक मारली."